वाचक विचारतात : फोटो अडला कुठं?

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर जवळजवळ सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. एआयला प्रश्न विचारला की उत्तर येतं, पण फोटो दिला की गाडी अडते. कुणाचं गोल चक्र फिरतच राहतं, कुणाला 'समथिंग वेंट राँग' एवढंच दिसतं. म्हणून या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. वाय-फायवाल्यांनी रागावू नये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहायला नको. फोटो तीन ठिकाणी अडू शकतो: तुमच्या फोनमध्ये, वाटेत, नाहीतर पलीकडच्या, म्हणजे एआयच्या, दारात. तिन्ही ठिकाणी येणारा संदेश बहुतेक वेळा सारखाच असतो, त्यामुळे तो वाचून काहीच हाती लागत नाही. माझ्या दुकानात कुणी असा फोन घेऊन आलं की मी आधी सेटिंग उघडत नाही. त्याच फोनवर समोर जे दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट काढते आणि तो एआयला पाठवून बघते. स्क्रीनशॉट आकाराने लहान, साध्या प्रकारातला आणि आत्ताच्या आत्ता फोनमध्येच तयार झालेला असतो. तो गेला तर अॅप, नेट, खातं सगळं ठीक आहे, खोट बहुधा तुमच्या फोटोत. तोही अडला तर फोटोच्या मागे लागू नका, नेट आणि अॅप बघा. निम्मा शोध तिथंच संपतो. एवढं न करता लोक थेट अॅप उडवून पुन्हा टाकतात, मग पासवर्ड आठवत नाही, आणि एकाच्या दोन तक्रारी घेऊन येतात.

आता पत्रं.

प्रश्न : ताई, आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर डाग दिसला की मी फोटो काढून एआयला विचारतो. जुन्या फोनवरून फोटो जायचे. दिवाळीत नवा फोन घेतला, ५० मेगापिक्सेलचा. आता बागेतून एक फोटो जाईल तर शपथ. घरी वाय-फायवर कधी जातो, कधी नाही. पुतण्या म्हणतो फोन परत कर, दुकानदार म्हणतो फोन ओके आहे. फोटोच्या माहितीचं पान सोबत पाठवतोय. करू काय? – द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दादा, फोन परत करू नका. दुकानदार खरं बोलतोय, आणि असं रोज होत नाही.

माहितीचं पान पाठवलंत ते फार बरं केलंत. त्यावर लिहिलंय ८१६० × ६१२०, आणि खाली १४ एमबी. म्हणजे तुमच्या एका फोटोत जवळपास पाच कोटी ठिपके आहेत. ५० मेगापिक्सेलचे फोन एरवी असा फोटो काढत नाहीत. ते चार ठिपके जोडून एक करतात आणि ४०८० × ३०६० चा, सव्वा कोटी ठिपक्यांचा फोटो ठेवतात. तुमच्या कॅमेऱ्यात कुणीतरी '५० एमपी' असं लिहिलेलं बटण चालू करून ठेवलंय. पुतण्यालाच विचारा.

याचा फटका दोन जागी बसतो. पहिला वाटेत. बागेत तुमच्या फोनचा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट मिळतोय असं धरू. १४ एमबी म्हणजे ११२ मेगाबिट. फोटो चढायला पावणेदोन-दोन मिनिटं लागणार, आणि तेवढ्यात रेंजचा एक दांडा गेला की मांडलेला डाव मोडला. "पण ताई, बागेत यूट्यूब तर झकास चालतं," असं तुम्ही म्हणाल. चालणारच. ते खाली उतरवणं आहे. वर चढवण्याचा वेग वेगळा असतो आणि मोबाइलवर तो बहुधा बराच कमी असतो.

दुसरा फटका दारात, आणि घरच्या वाय-फायवर फोटो अडतो तो बहुधा यामुळे. प्रत्येक कंपनीने फोटोच्या मापाला मर्यादा घातलेली असते. क्लॉड नावाचा एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने प्रोग्रामर लोकांसाठी जी माहिती छापलीय, तिच्यात फोटोची कुठलीही बाजू ८००० पिक्सेलपेक्षा, म्हणजे ठिपक्यांपेक्षा, मोठी असेल तर तो नाकारला जातो असं लिहिलंय. तुमचा ८१६०, म्हणजे १६० ने गेला! काही अॅप पाठवण्याआधी स्वतःच फोटो बारीक करून घेतात, काही करत नाहीत. तुमचा फोटो कधी जातो, कधी नाही, त्याचं कारण इथं असू शकतं. चॅटजीपीटीची मर्यादा एका फोटोला २० एमबी अशी सांगितलेली आहे. हे आकडे पाठ करू नका, कंपन्या ते बदलत असतात. ५० एमपीचं बटण बंद करा, एवढं पुरे.

"मग एवढा मोठा कॅमेरा घेतला कशाला?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मोठा फोटो दारातून आत गेला तरी आत तो लहान केला जातो. क्लॉडच्या अनेक मॉडेलांत लांब बाजू १५६८ पिक्सेलवर आणतात. म्हणजे तुमच्या पाच कोटी ठिपक्यांच्या फोटोत जो डाग शंभर ठिपके रुंद होता, तो जेमतेम वीस ठिपक्यांचा उरतो. अख्ख्या वेलीचा फोटो पाठवून "यातला डाग बघ" म्हणालात तर एआयला दिसतो तो हिरव्यावरचा पिवळट धब्बा. म्हणून पाठवण्याआधी फोटो कापा. एकच पान, आणि त्यातही डाग मधोमध येईल असं. कापलेला फोटो हलका होतो, वाटेत अडत नाही, आणि डागाला जास्त ठिपके मिळतात.

पान दोन्ही बाजूंनी दाखवा. डावणी रोगाचा तेलकट डाग वरून दिसतो, पण त्याची पांढरी लव पानाच्या खाली असते. भुरी रोगाची राखेसारखी पूड वरच्या बाजूलाही येते. फक्त वरचा फोटो दिलात तर माणूसही गोंधळतो, एआयचं सोडाच. सकाळी दव असताना पान हातात धरून, सावलीत, फ्लॅश न लावता काढा. फ्लॅशने पान चकाकतं आणि लव आहे की उजेड ते कळत नाही.

आणि एक, विचारलं नसलंत तरी सांगते. एआयच्या उत्तरावर फवारणी ठरवू नका. तुमचा माल निर्यातीचा असेल तर औषधाचा अंश किती राहतो यावर कंटेनर अडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. फोटो घेऊन शेजारच्या जाणत्याकडे किंवा कृषी सहायकाकडे जा, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले वाचा. एआयला विचारायचं ते "मी आणखी काय तपासून बघू?" एवढंच. त्यात तो बरा आहे.

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहते, शाळेत शिकवते. मुलांच्या वह्यांचे फोटो आयफोनवर काढते. फोनच्या अॅपमधून ते एआयला जातात. तेच फोटो केबलने लॅपटॉपवर घेऊन ब्राउझरमधून टाकले की 'अनसपोर्टेड फाइल'. एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून फाइलच्या नावातलं शेवटचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं. आता एरर बदलला, फोटो प्रोसेस होत नाही म्हणतं. नाव तर जेपीजीच दिसतंय! – शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, नावात जेपीजी आलं, पोटात एचईआयसीच राहिलं.

आयफोनमध्ये २०१७ साली आयओएस ११ आलं तेव्हापासून फोटो जेपेगऐवजी (जेपीजी म्हणजे तेच) एचईआयसी या प्रकारात साठवायला सुरुवात झाली. जागा कमी लागते, फोटो तितकाच चांगला दिसतो. फोनच्या दृष्टीने उत्तम. पण एआयच्या दारावर साधारण चारच प्रकार खात्रीने चालतात: जेपेग, पीएनजी, वेबपी आणि जिफ. फोनवरचं अॅप फोटो पाठवताना गुपचूप जेपेग करून देतं, म्हणून तिथं तुम्हाला कधी कळलंच नाही. लॅपटॉपवर मधे कुणी नाही, फाइल जशीच्या तशी जाते.

सहकाऱ्याच्या सल्ल्याचं काय झालं ते तुम्ही स्वतः बघू शकता. त्या फाइलवर राइट-क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांचा पूर येईल, घाबरू नका, आणि काही सेव्ह करू नका. फक्त पहिली ओळ बघा. सुरुवातीलाच इंग्रजीत 'एफटीवायपी' आणि त्याला लागून 'एचईआयसी' ही अक्षरं दिसतील. एखादी पीएनजी फाइल अशीच उघडलीत तर पहिल्याच काही चिन्हांत 'पीएनजी' ही तीन अक्षरं सापडतील. आपण नाव वाचतो, फाइल उघडताना संगणक ही पहिली ओळ वाचतो. पहिल्या वेळी नाव बघूनच तुम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी नाव पटलं म्हणून आत घेतलं, आणि उघडल्यावर भलतंच निघालं. एरर बदलला तो म्हणून.

पुढचे फोटो नीट यावेत म्हणून: सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल'. यापुढचा प्रत्येक फोटो जेपेग. जागा थोडी जास्त खाईल. हे नको असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये मॅक किंवा पीसीवर पाठवण्याचा पर्याय असतो, तो 'ऑटोमॅटिक' ठेवा, केबलने घेताना फोनच बदल करून देईल. आधी काढलेले फोटो लॅपटॉपच्या फोटो पाहायच्या प्रोग्रामात उघडून 'सेव्ह अॅज' करून जेपेग करा. नाव बदललेल्या फाइलींचं नाव मात्र आधी पूर्ववत करा, नाहीतर तो प्रोग्रामही गोंधळतो.

वह्यांच्या पहिल्या पानावर मुलांची नावं, तुकडी, कधी आईचा फोन नंबरही असतो. ते पान पाठवायची गरज नसावी.

प्रश्न : येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. साड्यांचे फोटो एआयला देऊन त्यांचं वर्णन लिहून घेतो, ऑनलाइन विक्रीसाठी. मागच्या आठवड्यात एक फोटो अडला. अडला तर अडला, पण त्यानंतर त्या चॅटमध्ये नुसतं 'नमस्कार' लिहिलं तरी तोच एरर. लॅपटॉप बंद करून चालू केला, नेट बदललं, ब्राउझरचा कॅशे साफ केला. फरक नाही. सगळी जुनी वर्णनं त्याच चॅटमध्ये आहेत हो! – पैठणी विक्रेते, येवला

उत्तर : भाऊ, वर्णनं सुरक्षित आहेत, वर सरकवून कॉपी करून घ्या. पण त्या चॅटचा नाद सोडा.

हा प्रकार फार थोड्या लोकांना माहीत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याला वाटतं, एआयला मागचं बोलणं आठवतंय. प्रत्यक्षात तुम्ही 'नमस्कार' लिहिता तेव्हा तुमचं अॅप पहिल्या साडीपासूनचं बोलणं, फोटोंसकट, बांधून पुन्हा पलीकडे देतं. दर वेळी. म्हणजे पोस्टातून नवं पत्र टाकताना आधीची सगळी पत्रं त्याच पाकिटात कोंबावीत तसं. आता त्यात एक फोटो असा अडकलाय की जो पलीकडे उघडतच नाही. तुम्ही नमस्कार लिहा नाहीतर रामराम, तो बिघडलेला फोटो दर वेळी सोबत जातो आणि सगळं पाकीट परत येतं. लॅपटॉप बंद-चालू करून यात काही होत नाही, कारण बिघाड लॅपटॉपमध्ये नाहीच.

नवा चॅट उघडा. जुना चालवायचाच असेल तर ज्या संदेशात तो फोटो टाकला होता त्यावर पेन्सिलीची खूण येते का बघा. ती असेल तर संदेश बदलून फोटोशिवाय पाठवा. तिथून पुढे गाडी सुरू होते.

दुसरी गोष्ट. तुम्ही सगळ्या साड्या एकाच चॅटमध्ये टाकता, यातही गोम आहे. अँथ्रॉपिकच्याच माहितीत लिहिलंय की एका वेळी २० पेक्षा जास्त चित्रं जाणार असतील तर प्रत्येकाची कमाल बाजू ८००० वरून २००० पिक्सेलवर येते. म्हणजे तुमचा ३००० पिक्सेलचा पदराचा फोटो सकाळी एकटा असताना बिनतक्रार गेला, आणि संध्याकाळी साड्यांची रांग लागल्यावर तसलाच फोटो अडला, असं होऊ शकतं. अॅप स्वतः फोटो बारीक करत असेल तर हे जाणवत नाही. तरी पाच-सहा साड्या झाल्या की नवा चॅट, ही सवय ठेवा. वर्णनाचा नमुना एका वहीत किंवा नोट्समध्ये ठेवून प्रत्येक नव्या चॅटच्या सुरुवातीला चिकटवा.

तिसरी गोष्ट नेटची नाही, धंद्याची आहे. धूप-छाव रंगाची पैठणी ट्यूबलाइटखाली एक दिसते आणि दारात उन्हात दुसरी. एआय फोटोतला रंग लिहितो, साडीचा नाही. जरीची तार खरी की साधी, माग हाताचा की यंत्राचा, हे त्याला फोटोवरून कळत नाही, पण लिहायला सांगितलं की 'शुद्ध जरीची, हातमागावर विणलेली' असं ठोकून देतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, आणि गिऱ्हाईक आता वाचून विचारतं. ते शब्द तुम्हीच घाला, नाहीतर तुम्हीच काढा.

प्रश्न : पंचवटीत राहतो, निवृत्त आहे. आमच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या, म्हणजे घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडच्या, जुन्या वहीत पणजोबांच्या हातची नोंद आहे, मोडी लिपीत. पुतणीने तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, मी तो एआयला दिला. कसलाही एरर आला नाही. त्याने सुरेख मराठीत वाचून दिलं, मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोटो दिला, तर पणजोबांच्या भावाचं नाव बदललं! कोणतं खरं धरू? – एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, कोणतंच नाही. एरर आला असता तर बरं झालं असतं.

या महिन्यातलं मला सर्वांत जास्त खटकलेलं पत्र तुमचं आहे. इतरांचे फोटो अडले, त्यांना निदान अडले हे कळलं. तुमचा फोटो आत गेला, एआयला तो नीट वाचता आला नाही, आणि त्याने तसं न सांगता साजेसं काहीतरी लिहून दिलं. दोन दिवशी दोन नावं आली हे तुमचं नशीब चांगलं. तुम्ही एकदाच विचारून थांबला असतात तर ते नाव वंशावळीत कायमचं गेलं असतं.

यात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्यात. पहिली फोटोची. व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना तो बारीक करतं. दोन-तीन ओळींच्या पाटीला ते चालतं, पण अख्ख्या पानावरच्या बोरूच्या बारीक अक्षराला नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून त्यात 'एचडी' पाठवायची सोय आहे, पण त्याहून बरं म्हणजे पुतणीला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोड. मग काढला तसाच येतो. पान खिडकीजवळ, दिवसाउजेडी, पुस्तक सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून. पूर्ण पान एकदा, आणि मग तीन-तीन ओळींचे वेगळे फोटो.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती फोटो सुधारून पूर्ण सुटत नाही. मोडी लिहिताना हात उचलायचा नाही अशी ती घडलीय. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही. सरावलेल्या वाचकालाही आधी विषय काय असेल याचा अंदाज बांधून मग अक्षर लावावं लागतं. त्यात संगणकाला मोडीची अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, मिळाली २०१४ साली. देवनागरीच्या मानाने शिकायला फारच थोडा मजकूर आहे. त्यामुळे इंग्रजी बिल घडाघडा वाचणारा एआय मोडीत चाचपडतो, आणि चाचपडताना गप्प बसत नाही.

त्याची परीक्षा घ्यायची असेल तर अशी घ्या. नोंदीतली जी गोष्ट तुम्हाला पक्की माहीत आहे, समजा मूळ गाव, ती त्याला सांगू नका. नवा चॅट उघडून फक्त तेवढ्या ओळीचा फोटो द्या आणि अक्षर न अक्षर उतरवायला सांगा. "न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घाल, अर्थ लावू नकोस" असं स्पष्ट लिहा. गावाचं नावच चुकलं तर पुढे विचारण्यात अर्थ नाही. बरोबर आलं तरी उरलेलं सगळं मोडी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथं शिकलेली मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, चौकशी केलीत तर कुणीतरी भेटेल.

आणि वहीच्या त्या पानावर दुसऱ्या घराण्यांच्याही नोंदी असतील. उपाध्यांना विचारा, आणि तुमच्या ओळी तेवढ्या कापून पाठवा.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत कंपनीत आहे. कंपनीच्या वाय-फायवर एआयशी बोलता येतं, पण ड्रॉइंगचा फोटो टाकला की अडतो. मोबाइल डेटावर लगेच जातो. वाय-फायमध्ये काय बिघाड असेल? – प्रॉडक्शन सुपरवायझर

उत्तर : बहुधा काहीच नाही. आयटीवाल्यांनी बाहेर फाइल जाणं बंद ठेवलं असणार, आणि ते मुद्दाम आहे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, रिव्हिजन सगळं असतं. ते कागद कंपनीचेही नाहीत, ग्राहकाचे आहेत. मोबाइल डेटावरून पाठवलेले असतील तर तेवढे चॅट काढून टाका आणि साहेबांना विचारा. लेखी परवानगी मिळाली की आयटीवाले पाच मिनिटांत रस्ता उघडतात. टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचं, चिन्ह कळत नसेल तर तेवढं चिन्ह कागदावर हाताने काढून त्याचा फोटो टाका, काम भागतं.

आता काही छोटी पत्रं, कारण जागा संपत आली.

नाशिकरोडच्या एका ताईंना गॅलरीत शेकडो फोटो दिसतात, पण एआयच्या अॅपला त्यातले मोजकेच. ताई, पहिल्यांदा परवानगी देताना तुम्ही 'निवडक फोटो' हा पर्याय दाबला असणार. आयफोनवर हा आयओएस १४ पासून आहे, अँड्रॉइडवर १४ व्या आवृत्तीपासून. बिघाड नाही, उलट चांगलंच केलंत. अॅपच्या परवानग्यांत जाऊन हवे ते फोटो यादीत वाढवा, सगळी गॅलरी उघडी करू नका. फोटो यादीत दिसतोय पण निवडल्यावर चक्र फिरत राहतं, असं होत असेल तर तो फोनमध्ये नाहीच. जागा मोकळी करताना मूळ फोटो क्लाउडवर गेला आणि फोनमध्ये उरला त्याचा ठसा. आधी गॅलरीत उघडून पूर्ण स्पष्ट होऊ द्या, मग पाठवा.

सिन्नरचे एक वाचक लिहितात, दुरुस्तीहून आलेल्या फोनवर फोटोच काय, काहीच उघडत नाही, सगळीकडे 'सर्टिफिकेट'चा एरर. फोनवरची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन जुन्या सालात गेला असेल. पलीकडच्या संगणकाच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि तुमच्या फोनच्या हिशेबाने ती अजून सुरूच झालेली नाही. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा.

सातपूरच्या एका भगिनींनी आईच्या रक्ततपासणीची पीडीएफ टाकली, ती 'वाचता येत नाही' असं आलं. तुमची फाइल पासवर्डची आहे. तुम्ही पासवर्ड घालून ती फोनवर बघता, पण पाठवली जाते ती कुलूपबंदच. आकडे जिथं आहेत तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या. आईचं नाव, वय, पत्ता, नोंदणी क्रमांक वरच्या पट्टीत असतो, तो कापा. हेच ई-आधारलाही लागू. त्याची पीडीएफ पासवर्डची असते आणि असू द्या, आधार एआयला दाखवून काहीच साधत नाही.

आणि कॉलेज रोडच्या एका विद्यार्थ्याचं म्हणणं, रोज सकाळी नोट्सचे काही फोटो जातात, मग 'नंतर प्रयत्न करा' असं येतं, कॅशे साफ करूनही जात नाही. मुला, तो एरर नाही, कोटा आहे. फुकट खात्यावर ठरावीक काळात ठरावीक फोटो, मग थांबायचं. पुन्हा कधी सुरू होणार ती वेळ बहुतेक अॅप त्याच संदेशात खाली लिहितात, वाचत जा. वहीची दोन समोरासमोरची पानं एका फोटोत घे, अक्षर मोठं असेल तर चालतं. रात्री उशिरा जागून रांगेत उभं राहण्यापेक्षा आदल्या दिवशीच्या नोट्स कोणत्या प्रश्नासाठी टाकायच्यात ते आधी ठरव. तू पाठवलेल्या यादीतली निम्मी पानं छापील पुस्तकाची आहेत, ती टाकूच नकोस.